बाळ सोपवताना

सकाळचे नऊ वाजलेले होते. मार्केट यार्डातील गाळा उघडण्याची वेळ झालेली, सूनबाईंची कार्यालयात जाण्याची घाई चाललेली आणि मी चातुर्मासातील व्याख्यानासाठी स्थानकात निघालेली. तेवढ्यात फोन वाजला. ''ताई, आज यायला जमणार नाही.'' त्या एका वाक्याने घरातील चार माणसांचा दिवस विस्कटला. दहा महिन्यांचा नातू माझ्या कडेवरून सुनेच्या कडेवर, तिच्याकडून मुलाच्या कडेवर असा फिरत राहिला. ''आधी सांगायला काय झाले होते?'' असे मी फोनवरच म्हणाले. दिवसाचा पगार कापावा, असेही त्या रागात माझ्या तोंडून निघाले.

हा प्रसंग आमच्या घरातला असला, तरी वाचकांपैकी अनेकांच्या घरी तो घडत असणार. माझ्या तिन्ही मुलांच्या वेळी बाळ सांभाळण्यासाठी मी कोणाला पगारावर ठेवले नाही. यात माझे काही कर्तृत्व नव्हते. एका वाड्यात आम्ही तीन जावा राहत होतो, नणंदेचे लग्न व्हायचे होते आणि सासूबाईंचे हातपाय चालत होते. रडणारे मूल उचलायला कोणी ना कोणी असायचेच. आज तीच तीन कुटुंबे शहराच्या तीन टोकांना राहतात. सून सनदी लेखापाल असते, किंवा पेढीचे जीएसटीचे आणि बँकेचे सारे व्यवहार तिच्याच हाती असतात. तिने ते करावे यात आपल्याला आनंद आहे. मग तिचे बाळ कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न एकट्या सुनेचा न राहता साऱ्या घराचा होतो. त्याचा विचार दुकानातील महत्त्वाच्या व्यवहाराइतकाच शांतपणे व्हायला हवा.

आजी-आजोबांना गृहीत धरू नये

पहिला पर्याय घरातलाच. नातवंडाला आजीचा सहवास लाभणे हे भाग्यच. भाषा, स्तवने, गोष्टी, सणवार हे सारे तेथूनच त्याच्याकडे जाते. परंतु साठी गाठलेल्या बाईला दिवसभर दहा किलोचे मूल उचलून घेणे झेपेलच असे नाही. तिचे गुडघे दुखतात, दुपारी तिला पाठ टेकायची असते, तिचे सामायिक, उपवास, पौषध असतात. ''आई आहेतच की घरी,'' असे म्हणून सारे तिच्यावर सोडण्यापूर्वी तिला एकदा विचारावे. आठवड्यातील कोणते दिवस आणि दिवसातील कोणते तास ती आनंदाने देईल, हे तिनेच सांगावे. बाळाला आंघोळ घालणे, उचलणे, धावत्या मुलाच्या मागे राहणे यासाठी सोबतीला दुसरे माणूस ठेवावे. देखरेख आजीची आणि श्रम मदतनिसाचे, अशी वाटणी अनेक घरांत चांगली चालते.

मतभेद होतात ते बहुधा खाण्यापिण्यावरून. त्यावर बाळाच्या डॉक्टरांचे म्हणणे सर्वांनी प्रमाण मानावे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, असेही वैद्यकशास्त्र सांगते. आपल्याकडे मध वर्ज्यच मानतात. पण घुटीबरोबर मध देण्याची पद्धत अन्यत्र रूढ असल्याने, घरी येणाऱ्या मावशींना हे आवर्जून सांगावे लागते.

पाळणाघर दुपारी पाहावे

दुसरा पर्याय पाळणाघराचा. मूल चालू-बोलू लागले, की समवयस्कांमध्ये ते रमते. काही कार्यालयांत ही सोय असते, तर बहुतेक ठिकाणी एखादी अनुभवी गृहिणी आपल्या घरीच मुले सांभाळते. आम्ही सासू-सुनांनी मिळून चार पाळणाघरे पाहिली. सकाळी सर्वच ठिकाणी स्वागत उत्तम झाले. खरे चित्र दिसले ते दुपारी दोन-अडीच वाजता, न कळवता गेल्यावर. एका ठिकाणी चौदा मुलांमागे एकच बाई होती आणि दूरचित्रवाणी मोठ्याने चालू होती. दुसऱ्या ठिकाणी मुले कमी, भिंतींचा रंग जुना. पण प्रत्येक मुलाची चादर वेगळी होती, आणि दार उघडणाऱ्या बाईंनी आम्ही कोण हे विचारल्याशिवाय आत घेतले नाही. सुनेला तेच आवडले.

पाहताना काही गोष्टी विचाराव्यात. किती मुलांमागे एक बाई आहे? मूल आजारी पडले तर काय करतात? मुलाला न्यायला कोणी यावे याची नोंद ठेवतात का? न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली उघडी असते का? रांगणारे मूल अर्ध्या बादलीतही बुडू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. खिडक्यांना जाळी, विजेच्या खटक्यांना झाकण आणि जिन्याला फाटक आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

आपल्या घरांची एक वेगळी अडचण असते ती आहाराची. कांदा-लसूण, बटाटा न खाणाऱ्या घरातील मुलासाठी डबा घरूनच द्यावा आणि काय चालत नाही, याची छोटी यादी लिहून द्यावी. चौविहाराचा विचारही आधीच व्हावा. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, आणि आई-वडील मुलाला न्यायला येतात सात वाजता. लहान बाळाच्या भुकेला घड्याळ नसते. त्याच्यासाठी कोणता नियम लावायचा, हे घरातील मोठ्यांनी एकमताने ठरवावे. सून एक सांगते आणि सासू दुसरेच, असे झाले की पाळणाघरातील बाई गोंधळतात आणि मूल उपाशी राहते.

घरी येणाऱ्या मावशी

वर्षाच्या आतील बाळासाठी आपल्याकडील बहुतेक कुटुंबे तिसरा पर्याय निवडतात; दिवसभर घरी येऊन बाळ सांभाळणाऱ्या मावशींचा. येथे घाई सर्वांत जास्त नडते. आईची रजा संपायला चार दिवस उरले असताना शोध सुरू होतो आणि जी मिळेल तिला होकार दिला जातो. निदान दोन महिने आधी शोध घ्यावा. पूर्वी जेथे काम केले त्या घरी स्वतः बोलावे; ओळखपत्राची प्रत आणि छायाचित्र घ्यावे, जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती नोंदवावी. मूळ आधारपत्र मात्र आपल्याकडे ठेवून घेऊ नये. ब्युरोमार्फत नेमणूक करायची असेल, तर त्यांचे शुल्क किती, बाई सोडून गेल्यास बदली कोणत्या अटीवर मिळेल, हे लेखी घ्यावे आणि पगार थेट तिच्याच हाती किंवा खात्यात जाईल असे पाहावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर क्षयाची तपासणी करून घेणे हिताचे. तिचा खर्च आपण करावा. तपासणी तिच्याही भल्याची आहे, हे तिला नीट समजावून सांगावे.

बाळाच्या मनाचाही विचार हवा. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत मुले अनोळखी माणसाला बिचकतात आणि आई दूर गेली की आकांत करतात. हा त्यांच्या वाढीचाच भाग आहे. म्हणून नव्या मावशी आल्या की पहिले दोन आठवडे आईने किंवा आजीने घरी थांबावे. आधी बाळासमोर दोघींनी नुसत्या गप्पा माराव्यात, मग खेळणे, मग भरवणे आणि शेवटी झोपवणे, अशा क्रमाने बाळ हळूहळू सोपवावे. बाहेर पडताना लपून जाऊ नये. बाळ रडले तरी हात हलवून, सांगून जावे. जीव लावणारी माणसे एकाहून अधिक असली तर मुलाचे काही बिघडत नाही; वारंवार माणसे बदलली तर मात्र ते कावरेबावरे होते. दर तीन महिन्यांनी मावशी बदलणाऱ्या घराने, त्या का टिकत नाहीत, हे स्वतःला विचारून पाहावे.

काही सूचना पहिल्याच दिवशी द्याव्यात. बाळ कितीही रडले तरी त्याला जोराने हलवू नये. त्यामुळे मेंदूला इजा होते. राग अनावर झाला तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन मिनिटे बाजूला जावे आणि घरी फोन करावा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे लहान मुलांच्या घशात अडकतात. दोन वर्षांखालील मुलाला मोबाईल दाखवून भरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याबाबत स्पष्ट सल्ला दिला आहे, आणि तो आई-वडिलांनाही तेवढाच लागू आहे. घरातल्यांचे, डॉक्टरांचे आणि १०८ या रुग्णवाहिकेचे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत. घरात कॅमेरा लावला असेल, तर तो कोठे आहे हे मावशींना सांगावे. लपवलेला कॅमेरा पुढे उघडकीस येतोच, आणि मग विश्वास कायमचा जातो.

हमालाची नोंद आहे, मावशींची कोठे आहे?

आपण व्यापारी माणसे. गाळ्यावर पोते उचलणाऱ्या हमालाची मजुरी १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळात जमा होते. त्यातून त्याची रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी यांचा हिशेब राहतो. मुनीमजींचा पगार, उचल, सुट्ट्या सारे वहीत असते. आणि घरातले मूल उचलणाऱ्या बाईचे? तिच्याशी बोलणे होते ते दारात, पाच मिनिटांत. ''बाळाकडे बघायचे, आणि जमेल तसे वरचे काम.'' या 'वरच्या कामा'तच पुढची सारी कटकट दडलेली असते. महिन्याभरात भांडी येतात, मग कपडे, मग पाहुण्यांचा चहा. मावशी कुरकुरतात, आपण त्यांना कामचुकार म्हणतो, आणि बाळाकडे कोणाचेच नीट लक्ष राहत नाही.

म्हणून एक साधा कागद करावा आणि तो दोघांनी वाचावा. त्यांना वाचता येत नसेल तर वाचून दाखवावा. येण्या-जाण्याची वेळ, बाळाची कामे कोणती आणि कोणती कामे त्यांची नाहीत, पगाराची रक्कम आणि तारीख, आठवड्याची सुट्टी, वर्षातील पगारी रजा, आजारपणाच्या रजा, दिवाळीचा बोनस, काम सोडताना किंवा सोडवताना किती दिवस आधी सांगायचे, एवढे मुद्दे पुरेत. दिवाळीच्या हंगामात दुकान रात्री उशिरा बंद होते. त्या दिवसांच्या जादा तासांचे पैसे आधीच ठरवावेत. आपण सहकुटुंब गावी गेलो तर त्या दिवसांचा पगार कापू नये; सुट्टी आपण घेतलेली असते, त्यांनी नव्हे.

ताटाचा प्रश्न

या विषयावर आपण सहसा बोलत नाही. आपल्या स्वयंपाकघराचे नियम काटेकोर असतात. दिवसभर येणाऱ्या मावशींच्या डब्यात कांद्याची भाजी असते, कधी अंडे असते. ''तुमचा डबा इथे उघडू नका,'' असे सांगण्याचा अधिकार घरधन्याला आहे. परंतु तसे सांगितले की त्यांना पोटभर, गरम जेवू घालण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. ती आपण नेहमी पार पाडतो का?

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार प्रतिक्रमण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटचे दोन म्हणजे झेपण्यापलीकडे भार लादणे, आणि आश्रिताचे अन्नपाणी अडवणे. लहानपणी हे शिकताना माझ्या डोळ्यांसमोर बैल आणि घोडे येत. पर्युषणात आमच्या घरी सर्वांचे उपवास होते. चूल पेटली नव्हती आणि मावशींना डबा आणू नये असे आम्हीच सांगितलेले. नातवासाठी तेवढी खिचडी झाली. दुपारी चार वाजता सुनेच्या लक्षात आले की मावशी सकाळपासून दोन कप चहावर आहेत. अन्नपाननिरोध म्हणजे काय, हे मला त्या दुपारी उमगले. तेव्हापासून उपवासाच्या दिवशी त्यांचा स्वयंपाक आधी ठरतो. त्यांचा वेगळा कपही आम्ही त्याच आठवड्यात काढून टाकला. ज्या हातांनी आपले बाळ जेवते, त्या हातांसाठी वेगळा कप कशाला ठेवावा, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

कायदा काय सांगतो

चौदा वर्षांखालील मुलाला घरकामाला ठेवणे हा गुन्हा आहे. २००६ सालच्या अधिसूचनेने घरकामावर ही बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच कामांना लागू झाली. सहा महिने ते दोन वर्षे कैद, वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यासाठी आहे. ''गावाकडची मुलगी आहे, बाळाशी खेळेल, दोन घास खाईल,'' हे बोलणे दयेचे वाटते. पण ते तिची शाळा हिरावून घेणारे आहे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे. घरकामगार महिला जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. महाराष्ट्रात २००८ च्या अधिनियमाने घरेलू कामगार कल्याण मंडळाची तरतूद झाली. तेथे नाव नोंदवायला मावशींना मदत करावी. ई-श्रम संकेतस्थळावरही नोंदणी होते. आधार, बँकेचे खाते, मोबाईल क्रमांक हे सारे जुळवून देणे आपल्या घरातील तरुणांना तासाभराचे काम आहे.

आपल्यापैकी अनेकजण स्वतःही मालक आहेत. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराच्या सोयीचे बंधन आले. आपल्या सुनेच्या कार्यालयाकडून आपण ज्याची अपेक्षा करतो, ते आपल्या कारखान्यातील आणि शोरूममधील मुलींना मिळते का, हेही पाहावे.

तिचे मूल कोठे आहे?

आता त्या सकाळकडे येते. मावशी दुसऱ्या दिवशी आल्या, तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. मी पगाराचा विषय काढणार होते. सूनबाईंनी आधी विचारले, ''काय झाले होते?'' मावशींच्या धाकट्या मुलीच्या हातावर गरम पाणी सांडले होते. मुलगी चार वर्षांची. आंघोळीचे पाणी उतरवत होती तिची थोरली बहीण. वय वर्षे नऊ. आई आमच्याकडे यायला निघाली की धाकटीला सांभाळण्यासाठी थोरली घरी राहायची. अंगणवाडी दुपारपूर्वीच सुटत असे, आणि आमच्याकडून सुटायला मावशींना संध्याकाळचे सात वाजत. थोरलीची शाळा चार महिन्यांपासून जवळजवळ बंदच होती. मावशींना आमच्याकडे येऊन तेवढेच महिने झाले होते.

चौदा वर्षांखालील मूल आमच्या घरी कामाला नव्हते. पण आमचा नातू निर्धास्त झोपत होता तो त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या जिवावर, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते, कारण मी विचारले नव्हते. त्या बाईंना घरातील सर्वजण 'मावशी' म्हणत होते. मावशी म्हणजे आईची बहीण. बहिणीची मुले दिवसभर कोठे असतात, हे एखादीला ठाऊक नसेल का?

आम्ही काही मोठे केले नाही. त्यांच्या वस्तीजवळच्या पाळणाघरात धाकटीचे नाव घातले. अर्धे पैसे आम्ही देतो, अर्धे त्या देतात. सर्वच देऊ केले तेव्हा त्यांनी नको म्हटले. त्यांची सुटण्याची वेळ सातऐवजी साडेपाच केली. राहिलेला दीड तास मी, माझे यजमान आणि मुलगा वाटून घेतो. आठवड्यातून दोन दिवस मुलगा गाळ्यावरून लवकर येतो, आणि सुरुवातीला कुरकुर करणारा तो आता त्या वेळेची वाट पाहतो. थोरली शाळेत जाऊ लागली. मावशींच्या अचानक होणाऱ्या सुट्ट्याही बऱ्याच कमी झाल्या. त्या सुट्ट्यांमागे काय होते, हे आता उघडच आहे.

एक सूचना समाजापुढे ठेवावीशी वाटते. आपल्या अनेक भवनांतील सभागृहे लग्नसराई आणि चातुर्मास सोडला, तर आठवडाभर बंद असतात. तेथे सोमवार ते शनिवार चांगले पाळणाघर चालवता येईल. मुले सांभाळण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांना तेथे योग्य पगाराचे काम मिळेल आणि आपल्या घरांतील मुलांना घरच्यासारखा आहार मिळेल. मात्र एक अट असावी. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या मुलांनाही तेथे जागा मिळावी, आणि त्यांच्याही चादरी तितक्याच स्वच्छ असाव्यात.

तोपर्यंत प्रत्येक घराला करता येण्यासारखे एक काम आहे. उद्या सकाळी मावशी आल्या, की बाळ त्यांच्या हाती देण्यापूर्वी त्यांना बसायला सांगावे, चहा द्यावा आणि विचारावे, ''तुमची मुले आत्ता कोणाजवळ आहेत?''